पाकिटावर दालचिनी, आत कुठली साल? पाच प्रकारांची पारख

दालचिनी म्हणून जगभरात जे विकलं जातं ती एकाच झाडाची साल नसते. सिनॅमोमम या प्रजातीतल्या निदान पाच जातींची साल बाजारात येते आणि पाकिटावर बहुतेक वेळा एकच शब्द छापलेला असतो. इथे त्या पाचांची पारख केली आहे: श्रीलंकेची, चीनची, इंडोनेशियाची, व्हिएतनामची आणि हिमालयाच्या पायथ्याची तज. कसोट्या साध्याच आहेत. साल हाताने मोडते का, मिक्सरमध्ये नीट दळली जाते का, पातेल्यात किती वेळ टिकते, रोज पोटात गेली तर चालते का, आणि पाकिटावरचं नाव आतल्या मालाशी जुळतं का. या शेवटच्या कसोटीवर जवळजवळ सगळेच प्रकार अडखळतात. दालचिनीची नावं पडली ती माल कुठल्या बंदरातून आला आणि कोणी आणला यावरून. झाडाकडे बघून नाव ठेवायची तसदी फार थोड्यांनी घेतली.

सिलोन

देशाचं नाव १९७२ साली श्रीलंका झालं, दालचिनीच्या पाकिटावर मात्र अजून सिलोनच आहे. ही साल ओळखायला सगळ्यात सोपी. कागदासारख्या पातळ सालीचे अनेक पदर एकात एक भरलेले असतात, रंग फिकट तपकिरी, आणि नळीचं टोक पाहिलं तर भरलेल्या सिगारसारखं दिसतं. एकेका पदराची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. चिमटीत दाबली की चुरा होतो. ज्या सालीला खलबत्ता लागतो ती ही नव्हे, मग पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

नळीची ही घडण हाताने होते. झाड जमिनीलगत छाटून त्याला फुटवे आणतात आणि पावसानंतर, साल लवकर सुटते तेव्हा, दोनेक वर्षांचे फुटवे तोडतात. वरची खरबरीत साल आधी खरवडून टाकतात. मग पितळी दांडीने आतली साल घासून सैल करतात, सुरीने छेद देऊन ती अलगद सोडवतात आणि मोठ्या पट्टीच्या पोटात लहान तुकडे भरत, टोकं एकमेकांवर चढवत, सुमारे १०७ सेंटिमीटरची नळी बांधतात. वाळवणं सावलीत. दुकानात दिसते ती या लांब नळीची कापलेली कांडी.

प्रतवारी नळीच्या जाडीवर ठरते. सर्वांत बारीक ती अल्बा, ६ मिलिमीटरपर्यंत. त्याखाली कॉन्टिनेंटल गटातल्या सी-५ आणि सी-४, मग मेक्सिकन एम-५ आणि एम-४, आणि सर्वांत जाड हॅम्बुर्ग. प्रतींनाही गिऱ्हाइकांच्या मुलखांचीच नावं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. स्वयंपाकासाठी अल्बावर पैसे घालण्यात अर्थ नाही; ती दिसायला सुबक, पण सी-५ किंवा सी-४ वासात तिला हार जात नाही. मोडक्या नळ्यांचे तुकडे स्वतंत्र विकतात, ते दळायला उत्तम. 'चिप्स' म्हणून जो माल येतो तो मात्र टाळावा. त्यात न खरवडलेली बाहेरची साल आणि काटक्या असतात. उकळल्या की तुरटपणा उतरतो आणि वास अर्ध्यावर येतो.

चवीला ही साल सौम्य आणि किंचित लवंगेकडे झुकणारी. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड, म्हणजे दालचिनीला तिचा मुख्य वास देणारं संयुग, आणि सोबत थोडं युजेनॉलही असतं, आणि लवंगेचा वास त्याच युजेनॉलचा. म्हणून ही दालचिनी वापरताना लवंग थोडी कमी घालावी, नाहीतर दोन्ही एकमेकांवर कुरघोडी करतात. दुधात, फळांत, साखरेच्या पाकात ती खुलते. तक्रार एकच पण मोठी: तास-दीड तास शिजणाऱ्या रश्श्यात तिचे पदर सुटतात आणि घासागणिक कपचे दाताखाली येतात. कापडाच्या पुरचुंडीत बांधून सोडावी, किंवा शेवटची पंधरा-वीस मिनिटं उरली की घालावी. ज्यांना दालचिनीचा झणका हवा असतो त्यांना ही मिळमिळीत वाटेल, आणि त्यांचं चुकीचं नाही.

या सालीला शोभणारं नाव लॅटिनमधून आलं. कॅना म्हणजे बोरू. त्याचं लघुरूप कॅनेल्ला, छोटी नळी. त्यातून इटालियन कॅनेल्ला, फ्रेंच कॅनेल, स्पॅनिश आणि पोर्तुगीज कानेला, डच, स्वीडिश आणि डॅनिश कानेल, फिनिश कानेली. ग्रीकांनीही आपला जुना शब्द मागे ठेवून आज कानेला स्वीकारला आहे. मेक्सिकोत कानेला मागितली तर हीच पातळ पदरांची साल अपेक्षित असते. युरोपात मात्र या शब्दावर विसंबू नये. नळी म्हणून जाड सालही तिथे सर्रास विकली जाते.

आणि ज्या बेटावर हे झाड मूळचं, तिथलं सिंहली नाव? कुरुंदु. ते बेटाबाहेर फारसं गेलंच नाही. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज आले, १६५८ पर्यंत डचांनी त्यांना हुसकावून लावलं, १७९६ मध्ये इंग्रजांनी डचांना. तिघांनीही साल जहाजं भरभरून नेली आणि नाव आपापलंच ठेवलं.

चिनी साल, म्हणजेच कॅसिया

बाजारात दालचिनी म्हणून सर्वांत जास्त हाती लागते ती कॅसियासारखी जाड साल. एकच थर, एक ते तीन मिलिमीटर जाड, दोन्ही कडा आत वळलेल्या किंवा नुसताच चपटा तुकडा. रंग तांबूस तपकिरी. हाताने मोडत नाही, काडकन तुटते. तेलात सिनॅमाल्डिहाइडचाच वाटा सिंहाचा, बहुधा ऐंशी टक्क्यांच्या वर, आणि युजेनॉल नावापुरतं. म्हणून वास सरळ, तिखट आणि एकसुरी. एकसुरी हा इथे दोष समजू नये. कांदा, आलं, मिरी असल्या दांडग्या मसाल्यांच्या गर्दीत सिलोनचा आवाज बुडतो, हिचा बुडत नाही. दोन तास उकळली तरी तुकडा अखंड राहतो आणि वाढताना काढून टाकता येतो.

प्रमाणाची चूक इथेच होते. सिलोनच्या कांडीसाठी लिहिलेली कृती कॅसियाने केली की पदार्थ जिभेला चटका देतो. साधारण निम्म्या वजनाने सुरुवात करावी. वजनानेच, कारण त्याच लांबीचा जाड तुकडा भरतो कितीतरी जास्त.

दळताना दुसरी अडचण येते. अख्खा तुकडा मिक्सरच्या भांड्यात टाकला की पात्याला धक्के बसतात, भांडं तापतं आणि तेल वाफेबरोबर उडून जातं. आधी खलबत्त्यात तांदळाएवढे कण होईपर्यंत कुटावी, मंद आचेवर मिनिटभर कोरडी गरम करून पूर्ण गार होऊ द्यावी, मग दहा-दहा सेकंदांच्या टप्प्यांनी दळावी आणि बारीक चाळणीने चाळावी. वर राहिलेला कोंडा पुन्हा दळण्यात वेळ घालवू नये. तो चहात उकळायला ठेवावा.

आता नावाची गंमत. फारसीत दार म्हणजे झाड, लाकूड. दारचीन म्हणजे चीनचं लाकूड. अरबीत ते दारसीनी झालं, तुर्कीत तार्चिन, आर्मेनियनमध्ये दार्चिन, जॉर्जियनमध्ये दारिचिनी. अरबी व्यापाऱ्यांसोबत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरलं आणि स्वाहिलीत म्दालासिनी म्हणून स्थिरावलं. बंगालीत दारुचिनी आहे. तिथे फारसी दारला संस्कृत दारु भेटला. दोन्हींचा अर्थ लाकूडच, त्यामुळे काही बिघडलं नाही. हिंदी आणि मराठीत र चा ल झाला आणि अर्थ झाकला गेला. डाळीशी या शब्दाचा काडीचा संबंध नाही.

म्हणजे आपण दालचिनी म्हणतो तेव्हा शब्दशः चिनी सालच मागत असतो. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र दालचिनी हे नाव श्रीलंकेच्या जातीला दिलं आहे आणि कॅसियासाठी तज असं वेगळं मानक आहे. चीनच्या लाकडाचं नाव सिलोनला, आणि चीनच्या लाकडाला दुसरं नाव! कायद्याचा हेतू चांगलाच आहे, दोन साली वेगळ्या विकल्या जाव्यात. पण शब्द उलटा लागला. अमेरिकेत तर दोन्ही सालींना सिनॅमन म्हणायला मुभा आहे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये 'सिलोन सिनॅमन'ला भौगोलिक मानांकन दिलं, त्यामुळे निदान हे जोडनाव तिथे भलत्या सालीला लावता येत नाही.

कॅसियाला 'नकली दालचिनी' म्हणणाऱ्या जाहिराती पाहून हसू येतं. त्यांचा सगळा आधार सिलोनच्या शास्त्रीय नावातला व्हेरम हा शब्द, म्हणजे 'खरी'. हे नाव यान प्रेसल या बोहेमियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये दिलं. चिनी वैद्यक त्याआधी कितीतरी शतकांपासून कॅसियाची साल वापरत होतं, तिथे तिला रोग्वे म्हणतात. नकली म्हणायचंच तर कॅसिया भरून वर सिलोन छापलेल्या पाकिटाला म्हणावं.

सिनॅमन आणि नुसतीच साल

कानेला आणि दारचीन यांच्यानंतर नावांचं तिसरं घराणं सिनॅमनचं. हिब्रू किन्नामोन, ग्रीक किन्नामोमोन, लॅटिन सिनॅमोमम; तिथून इंग्रजी सिनॅमन, पोलिश त्सिनामोन, सर्बियन त्सिमेत आणि झिजून झिजून जर्मन त्सिम्ट. इतिहासकार हिरोडोटसने ग्रीकांना हा शब्द फिनिशियनांकडून मिळाल्याचं लिहून ठेवलं आहे. त्यानेच ती प्रसिद्ध कथाही सांगितली: प्रचंड पक्षी दालचिनीच्या काड्यांची घरटी कड्यावर बांधतात, अरब लोक खाली मांसाचे मोठाले तुकडे टाकतात, पक्षी ते वर नेतात आणि वजनाने घरटं कोसळतं. पाचेकशे वर्षांनी रोमन प्लिनीने स्पष्ट लिहिलं की असल्या कथा भाव चढवण्यासाठी रचल्या आहेत. माल कुठून येतो ते दडवणं हा या धंद्यातला फार जुना रिवाज.

चौथ्या घराण्यातली नावं सर्वांत प्रामाणिक, कारण ती दावाच करत नाहीत. त्यांचा अर्थ नुसता 'साल'. संस्कृत त्वच् आणि त्यातून आलेला तज, अरबी किर्फा, रशियन कोरित्सा, तमिळ पट्टै, कन्नड चक्के. हंगेरियन फाहेय तर सरळ 'झाडाची साल'. मलय भाषेतलं कायू मानिस, गोड लाकूड, त्यांच्याच जवळचं.

इंडोनेशियाची साल

जात सिनॅमोमम बर्मानी. पाकिटावर कोरिंत्जे लिहिलेलं असेल तर ते सुमात्रातल्या केरिंची भागाच्या नावाचं जुनं डच स्पेलिंग. एकथरी, गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी सुबक गुंडाळी. शोभेची कांडी म्हणून पेल्यात उभी करतात ती बहुधा हीच. वास कॅसियापेक्षा मऊ. दोष म्हणजे चिकटपणा: पूड गरम पाण्यात राहिली की बुळबुळीत होते. काढ्यात किंवा पातळ पेयात ते खपत नाही, भाजलेल्या गोडात कळतही नाही. वाईट नाही, विशेषही नाही.

व्हिएतनामची साल

हिला सायगॉन म्हणतात. सायगॉनमध्ये दालचिनी पिकत नाही; ती मध्य व्हिएतनामच्या क्वांग नाम, क्वांग न्गाईच्या डोंगराळ भागात आणि उत्तरेला येन बाईकडे होते. शहराचं नाव १९७६ मध्ये बदललं, पाकिटावरचं तसंच राहिलं. पुस्तकी जात सिनॅमोमम लोरेरी, लोरेरो या पोर्तुगीज धर्मोपदेशक-वनस्पतितज्ज्ञाच्या नावाची. पण उत्तरेकडचा बराच व्यापारी माल चक्क कॅसियाच असतो. तेलाचं प्रमाण पाचांत बहुधा सर्वाधिक, म्हणून वास दणदणीत आणि चव तिखट-गोड. भाजलेल्या पदार्थांत हिला तोड नाही. कॅसियासाठी लिहिलेल्या मापाच्या दोन तृतीयांशच घ्यावी. रोजच्या सेवनाला मात्र अजिबात घेऊ नये. कारण पुढे येईल.

तज आणि तमालपत्र

तज या शब्दाचे बाजारात दोन अर्थ चालतात: कुठे कॅसिया, कुठे तमालपत्राच्याच झाडाची, सिनॅमोमम तमालाची साल. ही दुसरी जाडीभरडी, वास कमी, मसाल्यांच्या मिश्रणात भर म्हणून ठीक. तिच्यासाठी मुद्दाम जाऊ नये. या झाडाची खरी कमाई पानात आहे.

त्या पानाचा प्रवास मात्र फार सुंदर झाला. संस्कृत तमालपत्र ग्रीकांच्या कानावर पडलं तेव्हा सुरुवातीचा 'त' त्यांना आपल्या व्याकरणातलं अनेकवचनी उपपद वाटला. तो त्यांनी काढून टाकला आणि उरलं मलाबाथ्रोन. रोमन सुगंधी तेलांत हे मलाबाथ्रोन मोठ्या मानाने वापरलं जायचं. आजचा घोळ वेगळा आहे: परदेशी पाककृतीतल्या 'बे लीफ'ला आपल्याकडे तमालपत्र म्हणतात, पण ते लॉरेल या भूमध्यसागरी झाडाचं पान. ओळख शिरांवरून पटते. तमालपत्रावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा, लॉरेलला मधोमध एकच. एकाच्या जागी दुसरं घातलं तर लॉरेलच्या निलगिरीसारख्या थंड वासाऐवजी पदार्थाला दालचिनी-लवंगेचा वास येतो.

पूड: इथेच फसगत होते

अख्खी साल खोटं बोलू शकत नाही, पूड बोलू शकते. घरी करण्याजोगी तपासणी आयोडीनची. अर्धा चमचा पूड बशीत घेऊन चमचाभर पाण्यात कालवावी, टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत आणि मिनिटभर थांबावं. सिलोनच्या पुडीत फारसा फरक दिसत नाही; कॅसियात पिष्ट जास्त असल्याने गडद निळा रंग चढतो. शेजारी स्वतः दळलेल्या सिलोनच्या नळीचा नमुना ठेवला तरच तुलना विश्वासार्ह. आणि निळा रंग आला म्हणजे कॅसियाच असंही नाही, पिठाची भेसळही तोच रंग देते. म्हणून ही तपासणी 'ही निव्वळ सिलोन नाही' एवढंच सांगते. तपासलेली पूड टाकून द्यावी.

हा भेद करायचा कशासाठी, तर कुमारिनसाठी. या संयुगाचं नाव दक्षिण अमेरिकेतल्या टोंका बीच्या झाडाच्या स्थानिक नावावरून, कुमारूवरून, आलं, कारण ते आधी त्या बियांत सापडलं. काही माणसांच्या यकृताला ते बाधतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने ठरवलेली रोजची सुसह्य मात्रा शरीराच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. कॅसियाच्या पुडीत किलोमागे २ ते ४ ग्रॅम कुमारिन सहज असतं, इंडोनेशियाच्या आणि व्हिएतनामच्या मालात अनेकदा त्याहून जास्त. सपाट चमचाभर, म्हणजे अडीच ग्रॅम पुडीत ५ ते १० मिलिग्रॅम झालं. सिलोनमध्ये ते नगण्य. रश्श्यातल्या एका तुकड्याची किंवा अधूनमधून खाल्लेल्या गोडाची चिंता करण्याचं कारण नाही. मर्यादा रोजच्या, आयुष्यभराच्या सेवनासाठी आहे. पण रोज सकाळी चमचाभर पूड पाण्यातून घेणाऱ्यांनी पाकिटावर सिनॅमोमम व्हेरम किंवा त्याचंच जुनं नाव सिनॅमोमम झेलॅनिकम आहे का ते पाहावं. कॅप्सूल घेणाऱ्यांनी तर पाहावंच. नुसतं 'सिनॅमन बार्क' लिहिलं असेल तर ती कॅसिया धरून चालावी. यकृताचा विकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

वापरताना होणाऱ्या दोन चुका. पूड गार दुधात टाकली की वर तरंगते आणि गुठळ्या होतात. आधी साखरेत घोटावी किंवा चमचाभर गरम दुधात कालवून मग ओतावी. आणि यीस्टच्या कणकेत थेट मिसळू नये. सिनॅमाल्डिहाइड यीस्टची वाढ रोखतं, कणीक नीट फुगत नाही आणि दोष यीस्टच्या माथी मारला जातो. सारणात घालावी किंवा वरून भुरभुरावी. साठवण हवाबंद, अंधारात: अख्खी साल दोन-तीन वर्षं चांगली राहते, पूड सहा महिन्यांत उतरू लागते.

ऑनलाइन घेताना आणखी एक सापळा आहे, आणि तो केवळ नावाचा. ग्रीक कासिया सालीसाठी होता, पण वनस्पतिशास्त्रात कॅसिया हे बहाव्याच्या प्रजातीचं नाव ठरलं. सोनामुखीच्या गटातली झाडंही पूर्वी त्याच नावाखाली मोडत. त्यामुळे 'कॅसिया पावडर' शोधली की केसांना लावायची हिरवट पानांची पूडही समोर येते. ही पानं सोनामुखीच्याच जवळची, आणि सोनामुखी पोटात गेली की जुलाब होतात. रंग हिरवा किंवा पिवळट असेल, वर्णनात पानं किंवा केस हे शब्द असतील, तर तो माल स्वयंपाकाचा नाही. 'व्हाइट सिनॅमन'ही दालचिनी नव्हे. ती कॅरिबियन बेटांवरच्या कॅनेल्ला विंटेराना या अगदी वेगळ्या कुळातल्या झाडाची साल. त्या झाडाच्या वाट्याला दालचिनीची फक्त 'छोटी नळी' आली.